आखातातील उन्हाळा आणि शरीराची सवय

प्रश्न : ठाणे खाडीलगतच्या शिरवणे गावात वाढलेल्या तरुणाला दुबईतील बांधकामावरच्या नोकरीत तिथला उन्हाळा झेपेल का?

उत्तर : ठाणे खाडीलगतच्या दमट हवेची सवय काही अंशी उपयोगी पडते, पण पुरेशी ठरत नाही; दुबईत उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि हवेतील बाष्प वाढले की घाम सुकत नाही, म्हणजे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच अडतो. अनुकूलन, अर्थात घाम लवकर, भरपूर पण कमी खारट येऊ लागणे, साधारण 1 ते 2 आठवड्यांत घडते. गावी काढलेल्या महिनाभराच्या सुट्टीत ते बरेचसे ओसरते, हे मात्र अनुभवी कामगारही विसरतात. दुबईत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावरील कामास बंदी असते. बरळणे किंवा शुद्ध हरपणे उष्माघात समजून अंग गार पाण्याने भिजवावे व तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.