पंखा ओरडतोय? आधी ‘टॉप’ बघा!

हॉस्टेलवर कुणाचाही कॉम्प्युटर स्लो झाला की अख्ख्या विंगचा एकच सल्ला असतो – "फॉरमॅट मार!" लिनक्सवर तशी वेळ क्वचितच येते. मला हे कळलं ते सबमिशनच्या आदल्या रात्री, पाच तासांचं काम घालवून.

माझा पायथन प्रोग्राम संध्याकाळपासून चालू होता. प्रत्येक टप्प्याचा लॉग तो वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, पण उत्तर मात्र मेमरीतच साठत होतं. रात्री अकराला पंखा गिरणीसारखा घोंगावायला लागला, माउस अडखळू लागला. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ कमांड दिली. सर्वांत वर पायथन, १०० टक्के! सापडला चोर, म्हणून ‘किल’ला उणे ९ लावून उडवला. पंखा तसाच, आणि उत्तर गेलं ते गेलंच.

शेजारच्या रूममधला सीनियर दादा आला. म्हणाला, "अरे, कोअर किती तुझ्याकडे? चार ना? मग १०० टक्के म्हणजे एकच कोअर भरला. तुझ्या मशीनची मर्यादा ४००. इमानदारीत राबणाऱ्यालाच हाकललंस की!"

मग त्याने जे शिकवलं ते असं :

१) ‘टॉप’ चालू असताना १ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसतो. कॅपिटल ‘पी’ दाबलं की जास्त सीपीयू खाणारे वर येतात.

२) वरची ओळ वाचा. ‘यूएस’ म्हणजे आपले प्रोग्राम, ‘एसवाय’ म्हणजे कर्नल, ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. ‘डब्ल्यूए’ मोठा असेल तर अडचण डिस्कची आहे. लोड ॲव्हरेजचे तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे. लिनक्स त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही मोजतं, म्हणून लोड जास्त म्हणजे प्रोसेसर भरलेला असं समजू नये.

३) संशयिताला मारू नका, थांबवा. ‘किल’ने ‘स्टॉप’ सिग्नल दिला की प्रोसेस गोठते, ‘कॉन्ट’ दिला की तिथूनच पुढे चालते.

४) मारायचंच तर साधं ‘किल’ द्या. त्याने सिग्नल १५ जातो, प्रोग्रामला आवराआवर करायची संधी मिळते. ९ ती देत नाही.

दादाने यादीतल्या पुढच्या प्रोसेसला ‘स्टॉप’ दिला. अर्ध्या मिनिटात पंखा शांत! ती होती ग्नोम डेस्कटॉपची फाइल शोधणारी सर्व्हिस, ‘ट्रॅकर’. (२०२४ च्या ग्नोम ४७ पासून तिचं नाव ‘लोकलसर्च’.) डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज या फोल्डरांवर तिची आपोआप नजर असते. माझे लॉग नेमके डॉक्युमेंट्समध्ये पडत होते! मी फाइल लिहायचो, ती वाचायला धावायची. अशा हजारो फाइली. तिला मारून उपयोग नव्हता, सिस्टिम तिला पुन्हा उठवते. आम्ही लॉगचं फोल्डर डॉक्युमेंट्सच्या बाहेर हलवलं, मग ‘कॉन्ट’ दिला. पंखा परत ओरडला नाही.

बाराला प्रोग्राम पुन्हा सुरू केला, या वेळी दर टप्प्याला उत्तरही फाइलमध्ये साठवून. पहाटे पाचला संपला. सबमिशन झालं, झोप मात्र गेली. तुमची जाऊ नये म्हणून हा लेखप्रपंच!