नाशिकहून स्पिती: रेल्वे किती, गाडी किती

चार प्रौढ माणसं, दोन आठवड्यांची रजा, नाशिकरोडहून निघून किन्नौरमार्गे काझा आणि मनालीमार्गे परत. या प्रवासाचा खर्च आजच्या घडीला माणशी चाळीस हजारांच्या आसपास येतो. टूर कंपन्यांच्या जाहिरातीतला आकडा यापेक्षा कमी दिसत असेल, तर त्यात दिल्ली किंवा चंदीगडपर्यंतचा प्रवास धरलेला नसतो, नाहीतर दिवस कापलेले असतात. पहिली गोष्ट निदान जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते. दुसरी कुणी छापत नाही, आणि महागात तीच पडते.

खाली दिलेले आकडे २०२५च्या हंगामाच्या सुमाराचे, अंदाजी आणि गोल केलेले आहेत. तुम्ही निघाल तेव्हा ते थोडे वर-खाली होतील, पण कशावर किती जातं याचं प्रमाण फारसं बदलणार नाही.

लाहौल-स्पिती जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,८४१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ३१,५६४. आपल्या नाशिक शहरात त्याच जनगणनेत पंधरा लाखांच्या जवळपास माणसं मोजली गेली होती. तिकडे भाजी, गॅस, डिझेल सगळं खालून चढवावं लागतं आणि पर्यटनाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. म्हणून काझातली साधी खोली दीड-दोन हजारांना मिळाली तर ती लूट नव्हे.

तारीख आधी, तिकीट नंतर

खर्चाचा पहिला निर्णय तारखेचा, आणि नेमकं इथेच मराठी कुटुंबाचं गणित अडतं. पूर्ण फेरी करायची तर ४,५५१ मीटर उंचीचा कुंझुम घाट उघडा असावा लागतो. तो साधारण मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बर्फात बंद होतो. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या हाती जूनचा जेमतेम पहिला पंधरवडा उरतो, आणि त्याच काळात गाड्या आणि खोल्या सर्वांत महाग असतात. दिवाळीच्या सुट्टीत कुंझुमचा भरवसा नाही. तेव्हा किन्नौरच्या वाटेनेच जाऊन त्याच वाटेने परतायची तयारी ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस फारसा पडत नाही, हे खरं. पण तिथे पोचायचा रस्ता किन्नौरमधून जातो. २०२१च्या जुलैत सांगला खोऱ्यातल्या बटसेरीजवळ दरडीतले दगड गाडीवर कोसळून नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीजवळ दरड कोसळून अठ्ठावीस जणांचा जीव गेला. त्या दोन महिन्यांत दर उतरलेले असतात म्हणून कुणी आग्रह केला, तरी जाऊ नका.

ज्यांना शाळेचं बंधन नाही, त्यांच्यासाठी सर्वांत चांगला काळ गणपती विसर्जनापासून घटस्थापनेपर्यंतचा. आकाश स्वच्छ, रस्ते त्यातल्या त्यात सुकलेले, आणि खोल्यांचे दर जूनपेक्षा सहज पाव हिस्सा कमी. एक सावधगिरी मात्र नाशिककरांनाच घ्यावी लागेल. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या वर्षी नाशिकरोडला उतरणं आणि चढणं दोन्ही कठीण जाईल, म्हणून ते वर्ष टाळा, नाहीतर जूनमध्येच जाऊन या.

मैदानात रेल्वे

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. म्हणजे प्रवासाच्या तारखेआधी साठाव्या दिवशी सकाळी आठला बसायचं, तेही जायचं आणि यायचं तिकीट वेगवेगळ्या दिवशी काढायचं.

जाताना मी मुंबई–निजामुद्दीन राजधानीचा सल्ला देईन. ती २०१९पासून नाशिकरोडमार्गे धावते. संध्याकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दिल्ली. थर्ड एसीचं भाडं जेवणासह अडीच ते तीन हजार. या गाडीचं भाडं जागा भरत जातील तसं चढतं, पहिल्या दिवशी आणि महिन्यानंतर काढलेल्या तिकिटात कित्येकशे रुपयांचा फरक पडतो. पंजाब मेलसारख्या गाडीत तोच प्रवास थर्ड एसीत सतराशेच्या आणि स्लीपरमध्ये साडेसहाशेच्या आसपास होतो. परतीला मी हीच धरली आहे, कारण परतताना पुढची गाडी गाठायची नसते. मनमाड सोयीचं असेल त्यांना झेलम एक्स्प्रेस थेट अंबाला छावणीला उतरवते. तिथून चंदीगड पन्नास किलोमीटरच्या आत. दिल्लीत गाडी बदलायची दगदग वाचते, पण वेळेचा भरवसा राजधानीइतका नाही.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. आई-बाबांना बरोबर नेताना निम्म्या-पाऊण भाड्याचा जुना हिशेब धरू नका.

दिल्लीहून रात्रीची नेताजी एक्स्प्रेस, म्हणजे पूर्वीची हावडा–कालका मेल, पहाटे कालक्याला पोचवते. थर्ड एसीला सहाशेच्या आसपास. कालक्याहून सकाळी शिमल्याची छोटी गाडी सुटते. १९०३ साली सुरू झालेली ही शहाण्णव किलोमीटरची अरुंद मार्गाची वाट १०२ बोगद्यांतून जाते आणि २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. टॅक्सीने तीन-साडेतीन तासांत होणाऱ्या अंतराला ती पाच-साडेपाच तास घेते. तरीही ती घ्याच. साध्या डब्याचं तिकीट शंभर रुपयांच्या आत, आरामशीर डब्याचं पाचशे ते हजार. बडोगचा बोगदा अकराशे मीटरपेक्षा लांब आहे आणि त्याच्या तोंडाशीच स्टेशन आहे. तिथे गाडी थांबते तेव्हा पाय मोकळे करून घ्या. या संपूर्ण प्रवासात इतक्या कमी पैशांत इतका आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही. पावसाळ्यात मात्र हिच्यावर विसंबू नका, २०२३मध्ये दरडींमुळे ती काही महिने शिमल्यापर्यंत जाऊ शकली नव्हती.

परतीचा मार्ग मनालीहून टॅक्सीने चंदीगड, तिथून शताब्दीने दिल्ली (चेअर कारला आठशेच्या आसपास), मग नाशिकरोड. मनालीहून उतरण्याचा दिवस आणि दिल्लीची गाडी यांत एक रात्र मोकळी ठेवता आली तर ठेवा. जाणं-येणं मिळून रेल्वेचा खर्च माणशी साडेसहा हजार, चौघांचा सव्वीस हजार.

तिकीट रद्द करावं लागलं तर अठ्ठेचाळीस तासांच्या आधी थर्ड एसीला माणशी १८० आणि स्लीपरला १२० रुपये कापले जातात; नंतर पाव आणि पुढे निम्मं भाडं जातं. तत्काळचं पक्कं तिकीट रद्द केलं तर काहीच परत मिळत नाही.

डोंगरात गाडी कुणाची?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. दारात चांगली एसयूव्ही उभी आहे, दोघांना चालवता येते, मग टॅक्सीवर पन्नास हजार का घालवायचे?

हिशेब करून पाहू. नाशिक ते चंदीगड सुमारे दीड हजार किलोमीटर. जाऊन-येऊन तीन हजारांना, लिटरला पंधरा किलोमीटर धरून दोनशे लिटर, म्हणजे वीस हजार रुपये. डोंगरातले हजार-साडेअकराशे किलोमीटर, तिथे गाडी लिटरला अकरा-बाराच देते, आणखी दहा हजार. टोलसाठी खासगी गाडीला ऑगस्ट २०२५पासून तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास निघतो. वर्षभरात राष्ट्रीय महामार्गांवरचे दोनशे टोल त्यात होतात, आणि तो नंतर घरच्या फेऱ्यांनाही चालतो. वाटेतले मुक्काम जाता-येता चार, दोन खोल्या धरून सोळा हजार. निघण्याआधीचं आणि आल्यावरचं सर्व्हिसिंग आठ हजार, जादा दोन दिवसांचं जेवण चार हजार. बेरीज एकसष्ट हजार.

दुसऱ्या बाजूला रेल्वेचे सव्वीस आणि शिमला ते चंदीगड दहा दिवस मोठ्या टॅक्सीचे, दिवसाला साडेपाच हजारांनी, पंचावन्न हजार. एकूण एक्याऐंशी. म्हणजे चौघांत स्वतःची गाडी वीस हजारांनी स्वस्त पडते. दोघंच असाल तर लहान टॅक्सी चार हजारांत मिळते आणि दोन्ही बाजू पन्नास-त्रेपन्न हजारांवर येऊन बरोबरीत सुटतात.

तरीही माझं मत रेल्वे आणि टॅक्सीच्या बाजूने आहे. माणशी पाच हजार वाचवण्यासाठी तीन दिवस मैदानात गाडी हाकून थकलेला माणूस चौथ्या दिवशी सतलजच्या कड्यावर चाकाशी बसतो. लोसरपासून कुंझुम ओलांडून ग्राम्फूपर्यंतची वाट अनेक ठिकाणी रस्ता म्हणण्यासारखी नाही. नाले वाटेवरूनच वाहतात, दुपारी बर्फ वितळलं की त्यांचं पाणी वाढतं, आणि कुठला नाला किती वाजता ओलांडायचा हे तिथल्या चालकालाच ठाऊक असतं. तरीही स्वतःची नेणार असाल, तर तळाशी भरपूर उंची असलेली गाडी न्या आणि रेकाँग पिओखाली पोवारीला टाकी काठोकाठ भरा. त्यापुढे पंप थेट काझालाच.

टॅक्सी ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या आणि निरोपात लिहूनही घ्या: चालकाचं राहणं-जेवण भाड्यात आहे का, मनालीला किंवा चंदीगडला सोडल्यावर रिकाम्या परतीचे पैसे कुणाचे, काझाहून लांगझा, हिक्किम, कोमिक, की मठ, चिचम पूल या फेऱ्या धरल्या आहेत का, आणि रस्ता बंद झाल्यामुळे वाढलेल्या दिवसाचा दर काय. भांडणं बहुतेक या चौथ्या मुद्द्यावर होतात. काझाहून अटल बोगद्यातून मनालीला उतरताना परवाना लागत नाही. रोहतांग घाटावर मुद्दाम जायचं असेल तरच लागतो. स्पितीसाठी भारतीयांना इनर लाइन परमिटही लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

एकट्याने फिरणाऱ्या तरुणांसाठी हिमाचलच्या एसटीचा मार्ग उत्तम. शिमल्याहून रेकाँग पिओ आणि तिथून पहाटेची काझा बस, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास. स्लीपरचं तिकीट, गावातली घरगुती खोली आणि राजमा-भात यांवर हाच प्रवास अठरा-वीस हजारांत होतो.

राहणं, खाणं आणि दिवस

दहा रात्री, दोन खोल्या, सरासरी चार हजार रोज: चाळीस हजार. खेड्यांतल्या होमस्टेमध्ये दर माणशी असतो, हजार ते पंधराशे, दोन वेळच्या जेवणासह. चंद्रतालचे तंबू माणशी दोन ते तीन हजार. ते तळ्याकाठी नसून काही किलोमीटर अलीकडे आहेत, एजंट काहीही म्हणो. जेवणाला चौघांचे चोवीस हजार धरा. अडीअडचणीसाठी वरती दहा टक्के. एकूण एक लाख साठ हजार. काझातल्या एटीएमवर विसंबू नका, निम्मी रक्कम रोख ठेवा.

आता दिवसांबद्दल. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर, काझा साडेतीन हजारांच्या वर, कोमिक साडेचार हजारांच्या. किन्नौरच्या बाजूने गेलं तर शिमला, सराहन, सांगला, कल्पा, नाको असं शरीर पायरी पायरीने चढतं. मनालीकडून गेलं तर दोन हजार मीटरवरून एका दिवसात थेट कुंझुमवर. या उलट्या मार्गाने तीन दिवस आणि वीस-पंचवीस हजार वाचतात, म्हणून सात दिवसांच्या स्वस्त सहली तशाच आखलेल्या असतात. डोकेदुखी, उलट्या, झोप न लागणं यांनी त्यातले दोन दिवस अंथरुणात जातात, आणि प्रकृती बिघडलीच तर मोठं रुग्णालय तासन्‌तास दूर असतं. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी रेल्वेचं तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना मार्ग आणि उंची दाखवावी.

पैसे कमी पडत असतील तर राजधानीऐवजी स्लीपरने जा, चंद्रतालचा तंबू गाळा, हॉटेल सोडून होमस्टेत राहा. तेवढ्यात माणशी सहा-सात हजार सहज सुटतात. कल्पा आणि नाकोचे मुक्काम मात्र कापू नका. त्यासाठी लागणारी रजा यंदा मिळत नसेल, तर यंदा शिमला-किन्नौर करून परत या आणि स्पिती पुढच्या सप्टेंबरसाठी ठेवा.