ताप उतरला, पण पाय गळाले

“डॉक्टरसाहेब, ताप कधीच गेला, आता नुसता अशक्तपणा आहे. एक बाटली लावा.” भालकी, औराद, बसवकल्याणकडचे रुग्ण थंडीच्या दिवसांत हेच सांगतात. सर्दी-खोकला छातीचा आजार, ताप उतरला की तो संपला, ही समजूत काही केल्या सुटत नाही. देशातला कोविडचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये आपल्या कलबुर्गीतच झाला. पुढे कितीतरी जणांचा वास गेला, कुणाला लकवा मारला. तरी असा विषाणू नसांना, मेंदूला त्रास देतो हे पटत नाही.

तुरीच्या राशीच्या दिवसांत एका मावशींना घेऊन घरचे आले. फ्लूसारखा ताप येऊन गेला होता. मग तळपायांना मुंग्या. चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. उकिडवं बसलं की उठता येईना. गावात दोन बाटल्या चढल्या, मग “वारं गेलंय” म्हणून झाडपाल्याचं औषध झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता आणि घोटभर पाण्याने ठसका लागत होता.

हा जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम. विषाणूशी लढता लढता प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते, म्हणून तो ताप गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी डोकं वर काढतो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये त्याची साथ आली ती दूषित पाण्यातून. पण फ्लू, कोविडनंतरही तो होतो. घाबरू नका, क्वचितच होतो. पहिल्या दोन आठवड्यांत इम्युनोग्लोब्युलिन मिळालं किंवा प्लाझ्मा बदलला, तर बहुतेक जण पुन्हा चालतात. मावशीही काही महिन्यांनी काठी टेकत आल्या.

आणि ती बाटली? अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. त्याने नस दुरुस्त होत नाही. मोबाइलवर बघून केलेल्या मालिशनेही नाही. तुम्ही फक्त मोलाचे दिवस घालवता.

मुंग्या पायांतून वर चढतायत, जिना चढवत नाही, गिळताना ठसका लागतो, दम पुरत नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, जीभ जड झाली, तर तो मेंदूचा झटका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. तापात माणूस बरळू लागला, झोपेतून उठेना, तरीही थांबू नका. मुलाला फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. १०८ला फोन करा. मान धरत नसलेल्या माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका, वाटेतच श्वास कोंडतो.