चोवीस तास पाणी

सांगलीत घर बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: २०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं? मालक भिंतीवरची रेघ दाखवतो, नाहीतर "आपल्याकडं आलंच नाही" म्हणतो. मग आपण कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारून खात्री करून घेतो. पुण्यात वाघोलीत फ्लॅट बघताना मी सवयीने एजंटाला तेच विचारलं. पाणी शिरतं का हो इथं? तो हसला. "वहिनी, इथं पाणी चोवीस तास. शिरत मात्र नाही." आम्हीही हसलो. त्याच दिवशी टोकनचा चेक दिला.

नवऱ्याचं ऑफिस खराडीत, मुलगी पहिलीत जाणार, धाकटा तीन वर्षांचा. खराडीचे भाव ऐकले आणि नगर रोडने पुढे पुढे सरकत वाघोलीपर्यंत आलो. बहुतेक लोक इथे असेच येतात. आधी वर्षभर भाड्याने राहून बघू, असं मी म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. "भाडं म्हणजे पाण्यात पैसे," असं त्यावर उत्तर मिळालं. हे वाक्य मी आता घरात वरचेवर वापरते.

आम्ही फ्लॅट पाहिला रविवारी सकाळी अकराला. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू, मुलांच्या खोलीत भिंतीवर जिराफ, हातात कोकम सरबत. भिंतीवर नकाशा: शाळा ५ मिनिटं, हॉस्पिटल ७ मिनिटं. शाळा कुठली, असं विचारल्यावर एजंटाने खिडकीतून बोट दाखवलं. "ती मोकळी जागा दिसते ना, तिथे शाळेचं रिझर्व्हेशन आहे." मला दिसल्या त्या चरणाऱ्या शेळ्या. त्या आजही तिथेच चरतात.

२०२४ च्या मे महिन्यात राहायला आलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याच्या डोक्याला शाम्पू लावला आणि नळाने एकदा घरघर करून मान टाकली. पोरगा डोळे मिटून किंचाळतोय, फेस गालावरून ओघळतोय, मी फिल्टरमधलं पाणी तांब्याने घालतेय. त्याला तसाच टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत आले. खाली गेटपाशी तीन टँकर ओळीने उभे होते. पहिल्याचा पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला, वॉचमन वहीत नंबर लिहून घेतोय. घाई कुणालाच नव्हती, म्हणजे हा रोजचाच प्रकार होता. बघायला यायचो तेव्हाही तो होत असणार, फक्त रविवारी सकाळी अकराला होत नव्हता.

मी एजंटाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, नळाला चोवीस तास पाणी असतंच, आज टँकर जरा लेट झाला. ते कुठून येतं, हे तुम्ही विचारलं नव्हतं."

खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. विचारलेल्या प्रश्नाला त्याने अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. पाणी शिरत नाही, खरं. चोवीस तास असतं, तेही खरं. नंतर त्याने माझे मेसेज वाचून निळ्या खुणा उमटू द्यायला सुरुवात केली, पण उत्तर मात्र दिलं नाही.

दुसरा धक्का दिवाळीत बसला. हा प्रकल्प आम्हाला सुचवला होता नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने, तो दोन बिल्डिंग सोडून राहतो. "डोळे झाकून घ्या, मुलांसाठी एक नंबर," हे त्याचे शब्द. फराळाला त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याची बायको सहज बोलून गेली की तुमच्या रेफरलचे एक लाख आले, त्यातच हा सोफा झाला. मी त्याच सोफ्यावर बसले होते. हातातली चकली संपवली आणि उठले.

आता शाळेचं. आम्हाला मिळालेली खरी शाळा नऊ किलोमीटरवर, खराडीच्याही पुढे. चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा शासनाचा २०२४ चा निर्णय आहे. मुलांच्या झोपेचा विचार केला, चांगलं केलं. पण नगर रोडवर आयटीची सगळी गर्दी नेमकी त्याच वेळी असते. बस मुख्य रस्त्यावर येते पावणेआठला. झोप होती तिथेच राहिली, उलट मुलगी बसमध्येच पेंगते आणि कपाळावर खिडकीच्या पट्टीचा वळ घेऊन शाळेत उतरते. बस आत येत नाही, कारण आमच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतचा साडेतीनशे मीटरचा, विकास आराखड्यातला डीपी रोड अजून कागदावर आहे. पावसाळ्यात तेवढं अंतर मी एकीला हाताला धरून आणि दुसऱ्याला कडेवर घेऊन, डंपर जाईपर्यंत कडेला थांबत चालते. २०२४ च्या डिसेंबरात केसनंद फाट्यावर डंपरने फूटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडलं. तिघे गेले, त्यात दोन लहानगी. त्या दिवसापासून मी घड्याळ बघत नाही, बस चुकली तर चुकली.

माझ्यासारखी लहान मुलं घेऊन कुणी येणार असेल तर पाण्याचं आधी बघा. विचारायचं ते असं: पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं? उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती? पैसे कोण देतो? वाघोली ३० जून २०२१ ला महापालिकेत गेलेल्या २३ गावांपैकी एक. "आता कॉर्पोरेशनमध्ये आलंय" हे वाक्य इथे प्रत्येक एजंट म्हणतो. मिळकतकराचं बिल आलंय, नळाची लाइन आमच्यापर्यंत आलेली नाही. महापालिकेचं पाणी येईपर्यंत ते पुरवायची जबाबदारी आमची, असं हमीपत्र बिल्डर बांधकाम परवानगी घेताना देतो. ते बुकिंगच्या आधी मागा. आमच्याकडे एका निवृत्त काकांनी ते माहिती अधिकारात काढलं. तोवर आम्ही प्रत्येकी महिन्याला मेंटेनन्सवर चौदाशे रुपये टँकरचे भरून बसलो होतो. बिल्डरचं म्हणणं, सोसायटी हस्तांतरित झाली, आता तुमचं तुम्ही बघा. भांडण चालू आहे.

पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो खिशात घेऊन जा. आमच्या बोअरचा आकडा ११५० आला. साइट ऑफिसातला मुलगा म्हणाला, २००० पर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, हे त्याने गाळलं. एरवी मर्यादा ५०० ची आहे.

शाळेच्या बाबतीत "सीबीएसई पॅटर्न" आणि "सीबीएसई संलग्न" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संलग्न शाळांची यादी मंडळाच्या साइटवर असते, त्यात नाव शोधा. बसचा मार्ग विचारा आणि तुमचा थांबा कितवा तेही विचारा. पहिला असेल तर मूल सगळं गाव फिरून शाळेत पोचणार.

महारेराच्या साइटवर बहुतेक जण आपल्या बिल्डिंगचा नंबर बघून थांबतात, मीही थांबले. प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी असते. पुढच्या टप्प्याची पूर्णत्वाची तारीख बघा, तोवर तुमच्या मुलांच्या खिडकीखाली ड्रिल मशीन चालणार. आमच्या पुढच्या टप्प्याची तारीख आहे डिसेंबर २०२७.

आणि प्ले एरियात संध्याकाळी सातला जाऊन अर्धा तास उभे राहा. आमची घसरगुंडी सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीवर आहे. सकाळी काही कळत नाही, सातला झाकणातून वास सुरू होतो आणि पोरं नाक धरून घसरतात. बाकी जवळ बालरोगतज्ज्ञ हवा, फूटपाथ हवा, शेजार चांगला हवा, हे मी सांगायला नको.

शेजार चांगला आहे, हे कबूल करायला हवं. नळाने मान टाकली त्या संध्याकाळी समोरच्या काकूंनी न मागता दोन बादल्या पाणी आणून दिलं होतं. सहा महिने त्या रोज रात्री बादल्या भरून ठेवत आल्या होत्या. म्हणजे त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. आम्ही गेटच्या आतल्या एकाही बाईशी न बोलता ऐंशी टक्के कर्ज काढलं.

गेल्या महिन्यात सेल्स ऑफिसातून फोन आला. पुढच्या टप्प्याचं बुकिंग उघडलंय, ओळखीचं कुणी असेल तर सांगा मॅडम, रेफरल आता दीड लाख केलाय. माझी सांगलीतल्या विश्रामबागची मैत्रीण जूनमध्ये दोन मुलांना घेऊन पुण्यात येतेय. तिला मी भाड्याच्या घरांचे चार पत्ते पाठवलेत आणि सांगितलंय, बघायला मे महिन्यातल्या कामाच्या दिवशी ये, संध्याकाळी सहाला, आणि आधी वॉचमनची वही बघ.