घाणेरीची विषबाधा : जनावरांची कावीळ व उन्हाने भाजणारी कातडी

चैत्र-वैशाखात माळावरील गवत करपते. ओढ्याकाठची व बांधावरची घाणेरी मात्र हिरवी असते. हीच वनस्पती काही भागांत टणटणी, तर विदर्भात रायमुनिया या नावाने ओळखली जाते. तिच्या पानांस उग्र वास असल्यामुळे गावातील सरावलेली जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. विषबाधा होते ती बहुधा उपाशी जनावरांस, बाजारातून नव्याने आणलेल्यांस, किंवा चाऱ्याच्या शोधात दूर हाकललेल्या कळपास. कुंपण छाटल्यावर वाटेत पडलेल्या फांद्याही तितक्याच घातक असतात, कारण पाने वाळली तरी त्यांतील विष नाहीसे होत नाही.

पाने खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत जनावर चारा सोडते व रवंथ बंद करते. शेण कठीण व थोडे पडते, लघवी गडद पिवळी होते. त्यानंतर डोळ्यांची आतील त्वचा व हिरड्या पिवळ्या दिसू लागतात. जनावर सावली सोडीत नाही. उन्हात नेल्यास बेचैन होते, डोळ्यांतून पाणी गाळते. नाकाचा शेंडा, कान, पापण्या, कास व सड प्रथम लाल होऊन सुजतात, मग कातडी भेगाळते आणि सुकलेल्या चामड्याप्रमाणे सुटून येते. सड चिरल्यावर गाय वासरासही पिऊ देत नाही.

हे पाहून शेतकरी कातडीचा रोग समजतो व मलम लावीत बसतो. रोग कातडीचा नव्हे, यकृताचा आहे. घाणेरीतील लँटाडिन नावाची द्रव्ये यकृतातील पित्ताच्या सूक्ष्म वाटा निकामी करतात. पित्त आतड्यात न उतरता रक्तात साचते, ती कावीळ. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्यापासून जनावराच्या पोटात फायलोएरिथ्रिन नावाचे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत बिघडले की तेही रक्तातून कातडीत पोहोचते, आणि त्यावर ऊन पडताच कातडी आतून पोळते. या द्रव्याचा उलगडा 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांच्या अशाच एका रोगाच्या अभ्यासातून झाला. तेथील मेंढ्यांस तो रोग सराटा चरल्याने होतो. दख्खनच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्यांसही हा काटा परिचित आहे.

ज्या ठिकाणी कातडी गुलाबी असते तेथेच ऊन बाधते. केसांच्या रंगावरून हे ठरत नाही. खिलार गाय पांढरी दिसली तरी तिची कातडी काळी असते. होल्स्टीनच्या संकरित गाईचे पांढरे पट्टे मात्र भाजून निघतात, व शेजारचे काळे पट्टे शाबूत राहतात. म्हशीच्या अंगावर तर बहुधा काहीच दिसत नाही. यातच मोठा धोका आहे : कातडी चांगली म्हणून म्हैस बरी समजली जाते आणि यकृताच्या बिघाडाने दगावते. म्हशीचे डोळे उलटून पाहणे म्हणूनच अधिक अगत्याचे.

कावीळ गोचीडतापातही होते. परंतु त्यात बहुधा ताप 104 अंश फॅरनहाइटच्या वर जातो व खांद्याजवळच्या गाठी सुजतात. लघवी तांबडी होण्याच्या रोगातही ताप असतो. घाणेरीच्या बाधेत ताप सहसा नसतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तापमान घेऊन व जनावर कोठे चरले ते विचारून ही माहिती पशुवैद्यास कळवावी. काही ठिकाणी काविळीवर डाग देण्याची रीत आहे. तिने जनावरास केवळ आणखी एक जखम होते.

उपचारात वेळ फार मोलाची आहे. यकृत बिघडताच कोटीपोटाची हालचाल थांबते. खाल्लेली पाने तेथेच साचून राहतात आणि त्यांतून दिवसेंदिवस विष रक्तात उतरत राहते. त्यामुळे चराई बंद केली एवढ्याने भागत नाही. पशुवैद्य औषधी कोळशाची पूड, जनावराच्या दर किलो वजनास सुमारे 5 ग्रॅम, क्षारयुक्त पाण्यात कालवून नळीने पोटात सोडतात. चुलीतील कोळसा या कामी येत नाही. रवंथ थांबलेल्या जनावरास घरी बळजबरीने काढा पाजू नये. तो फुफ्फुसात जाण्याची भीती असते.

जनावर अंधाऱ्या गोठ्यात बांधावे. झाडाची विरळ सावली पुरेशी नाही. हिरवा चारा पौष्टिक म्हणून देण्याचा मोह होतो, परंतु त्यातील हरितद्रव्यानेच कातडी अधिक पोळते. बरे वाटेपर्यंत वाळलेली वैरण व भरपूर पाणी द्यावे. जखमा स्वच्छ ठेवून त्यांवर माश्या बसू देऊ नयेत, नाहीतर अळ्या पडतात.

घाणेरी वरून छाटली की खोडापासून पुन्हा फुटते. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर ती मुळासकट उपटावी. फळे धरण्यापूर्वी हे काम झाल्यास उत्तम, कारण पाखरे ती फळे खाऊन बी दूरवर नेतात. उपटलेली झुडपे गुरांच्या वाटेवर टाकू नयेत, आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसात मारवेलाचे ठोंब लावावेत.