दाखला

(शिक्षण संपत आले की मनात आनंद आणि काळजी एकाच वेळी येतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील उदाहरणे देऊन या पाठात त्या अवस्थेचा विचार केला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'दाखला' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. उर्दूत दाखला म्हणजे प्रवेश. मराठीत मात्र शाळा सोडताना जो कागद मिळतो, त्यालाही दाखलाच म्हणतात. एका भाषेत जो शब्द दारातून आत नेतो, तोच दुसऱ्या भाषेत दाराबाहेर पडताना हाती येतो. आज आपण त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींविषयी बोलू.

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेले कोणी भाईजान किंवा आपा असतील. त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. एक दिवस ते म्हणतात, "केव्हा एकदा कॉलेज संपते!" दुसऱ्या दिवशी निरोप समारंभाचे फोटो पाहत गप्प बसतात. पाहुण्यांनी "आता पुढे काय?" असे विचारले, की काही न बोलता आत निघून जातात. तुम्हांला वाटते, भाईजानला गर्व झाला. पण तो गर्व नसतो. मराठीत त्या भावनेला 'हुरहूर' म्हणतात.

ही हुरहूर का वाटते? आजवर प्रत्येक परीक्षेला अभ्यासक्रम होता. कोणते धडे वाचायचे, हे ठाऊक होते. नोकरीच्या बाजारात असा अभ्यासक्रम नसतो. अर्ज करावा, तर उत्तर येईलच असे नाही. मुलाखतीला बोलावले, तर निवड होईलच असे नाही. त्यातच अब्बांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. आपांची काळजी आणखी वेगळी. पुण्यात नोकरी मिळाली, तर घरचे पाठवतील का? की त्याआधीच लग्नाची बोलणी सुरू होतील? पदवी मिळाल्याचा आनंद खरा असतो आणि ही भीतीही तितकीच खरी असते.

अशा वेळी आपल्याच भागातील माणसांची आठवण ठेवावी.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षकाची नोकरी करीत होते. ती सोडून ते बेळगावला गेले. तेथे त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. तरीही त्यांनी काम सोडले नाही. 1910 मध्ये त्यांनी कारखाना उभारला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी.

हेच नांगर विकण्याचे काम काही काळ एका तरुणाने केले. त्याचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही पुरे झाले नव्हते. साताऱ्यात तो शिकवण्या घेत असे. पुढे त्यानेच 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व एकत्र जेवत. ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिनेही दिले. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. तेथे 'कमवा आणि शिका' ही योजना होती. विद्यार्थी श्रम करीत आणि त्यावर आपले शिक्षण पुरे करीत. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाजवळ पदवी असे आणि कष्टाची सवयही असे.

आता मिरजेला चला. तेथे शिकलगार घराणी हत्यारांना धार लावण्याचे काम करीत. काळ बदलला आणि हत्यारांचे काम कमी झाले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या कारागिराने तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. पंढरपूर भागातील मोठे भोपळे, लाकूड आणि तारा यांतून मिरजेत गोड आवाज निघू लागला. तलवारीवर चालणारा हात तारांवर बसायला सोपे गेले नसेल. पण जुने काम गेले, तरी हातातले हुन्नर जात नाही. आज मिरजेची वाद्ये देशभर जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या तिघांनाही पुढचा रस्ता आधी कोणी दाखवला नव्हता. पहिले काम कायमचे ठरले नाही. परंतु त्या कामात जे शिकले, ते पुढे उपयोगी पडले. पहिली नोकरी लहान असली, तरी तिला कमी लेखू नये.

मित्रांनो, तुमची ही वेळ यायला अजून काही वर्षे आहेत. तोपर्यंत तीन कामे करा. आपल्या दाखल्यावरचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख तपासा. 'शेख' कोठे आधी, कोठे नंतर लिहिले असेल, तर ते वेळीच दुरुस्त करून घ्या. पुढे त्याचा त्रास होतो. दुसरे, मराठी नीट शिका. राज्य शासनाच्या नोकरीत मराठीचे ज्ञान लागते. अर्ज, मुलाखत, शिफारस, रोजगार, हजर हे शब्द तुम्ही घरी शिकलाच आहात, तेव्हा अर्धी वाट चालून झाली आहे. तिसरे, एखादे हातचे काम शिका.

आणि एक काम आजच करा. घरातल्या भाईजानला किंवा आपांना "पुढे काय?" असे विचारू नका. त्यांच्यासाठी चहा करा आणि जवळ बसा. ते आपणहून बोलतील. नाही बोलले, तरी कोणी तरी आपल्याजवळ बसले, एवढाही त्यांना आधार होईल.

शब्दार्थ
हुरहूर – मनाची बेचैनी
पोटाला चिमटा घेणे – स्वतःच्या गरजा मारून पैसा वाचवणे
शिकलगार – हत्यारांना धार लावणारा
हुन्नर – कसब, हुनर
कमी लेखणे – तुच्छ मानणे

स्वाध्याय
1. 'दाखला' या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा.
2. सुरुवातीला लोखंडी नांगर का खपत नव्हते?
3. 'जुने काम गेले, तरी हातातले हुन्नर जात नाही' हे मिरजेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
4. उर्दूत व मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे दहा शब्द लिहा. कोणत्या शब्दांचा अर्थ बदलला आहे, ते पाहा.
5. तुमच्या ओळखीच्या एखाद्या कारागिराला भेटा. त्याने काम कसे शिकले, ते आठ-दहा ओळींत लिहा.