काचेच्या पेटीतला पावसाळा

श्रावणात कपिलधारचा धबधबा पाहून आलेल्या माणसाला घरात तसला एखादा हिरवा कोपरा असावा असं वाटणं साहजिक आहे. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या कुशीतलं हे ठिकाण. मन्मथस्वामींच्या समाधीला लोक कार्तिक पौर्णिमेला येतात. धबधब्याचे हौशी मात्र पाऊस धरून येतात. कड्याच्या भेगांत नेचे, ओल्या खडकावर शेवाळ, आणि नीट निरखलं तर खडकाच्याच रंगाचा एखादा बेडूक. हेच काचेच्या पेटीत मांडायचं, म्हणजे टेरॅरियम करायचं, या नादाला मीही लागलो. त्यातून जे कळलं ते पुढच्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

आधी या पेटीचं मूळ समजून घ्या. 1829च्या सुमारास लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने किड्याचा कोष बरणीत झाकून ठेवला होता. कोष राहिला बाजूला, मातीत नेचा उगवला. बाहेरच्या धुरकट हवेत त्याचे नेचे जगत नव्हते, बरणीत जगले. पुढे अशाच काचपेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली. थोडक्यात, ही युक्ती थंड आणि धुरकट मुलखातली. काच ओल धरते तशी ऊबही धरते. लंडनमध्ये ती ऊब वरदान होती. बीडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तीच ऊब वैरीण होते.

माझी पेटी पूर्वेच्या खिडकीशी होती. पावसाळाभर आणि थंडीत तिने डोळ्यांचं पारणं फेडलं. होळीनंतर सकाळचं ऊन तिरपं आत येऊ लागलं आणि दुपारपर्यंत काचेवर घाम साचू लागला. ‘ओल आहे, बरंच आहे’ म्हणत राहिलो. एके दिवशी नेच्याची पानं शिजलेल्या पालेभाजीसारखी लिबलिबीत पडली. आत बेडूक नव्हता, एवढंच नशीब.

म्हणून पहिला नियम: पेटीवर थेट ऊन नको. घरातली सर्वांत थंड भिंत शोधा, उजेडासाठी वर पांढरा एलईडी दिवा लावा आणि तो दहा-बारा तास चालू ठेवा. काच पूर्ण बंद ठेवू नका. समोर खालच्या अंगाला एक आणि वर झाकणात एक अशी बारीक जाळीची पट्टी ठेवली की हवा खालून वर खेळते आणि काच धूसर होत नाही. इथेच खरी कोंडी आहे. जाळी वाढवली तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल उडून जाते, झाकली तर पेटी तापते. रोज फवारा मारण्याची तयारी असेल तरच जाळी मोठी करा.

आता मांडणी. फिश टँक करणाऱ्याकडून दोन फूट लांब, दीड फूट उंच पेटी करून घ्या. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेलं वापरायला सांगा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी वाळू द्या. तळाला दोन बोटं विटांचे धुतलेले तुकडे, त्यावर मच्छरदाणीची जाळी, त्यावर मातीचा थर. एका कोपऱ्यात तळापर्यंत पाइपचा तुकडा उभा ठेवा. साचलेलं पाणी त्यातून पिचकारीने उपसता येतं. रानातली काळी माती भरू नका. ती भिजली की फुगते, हवा कोंडते आणि मुळं कुजतात. कोकोपीट, कुजलेला पाला, जाड वाळू आणि थोडा कोळसा हे मिश्रण बरं.

पाण्याकडे फार कमी लोक पाहतात. आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी काचेवर पांढरे डाग बसतात आणि शेवाळ पिवळं पडतं. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. त्यापेक्षा पहिले दोन-चार पाऊस सोडून धरलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. रोपं नर्सरीतूनच घ्या: फिटोनिया, सिंगोनियम, पेपरोमिया, लहान नेचे. मुळांची माती धुऊन काढा, कारण तिच्यात खत आणि कीटकनाशक असू शकतं. कपिलधारचं शेवाळ खरवडून आणू नका. ते उन्हाळ्यात वाळून, पावसाळ्यात जागं होऊन जगणारं आहे. बारमाही ओलीत ते कुजतं, आणि तिकडे खडक उघडा पडतो तो वेगळाच.

आता बेडूक. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या त्वचेतून शोषतो. श्वासही बराचसा त्वचेतूनच घेतो. पेटीतलं सगळं बरंवाईट थेट त्याच्या अंगात जातं. उष्णतेचं गणित तर आणखी वाईट. कोरड्या हवेत अंगावरचं पाणी उडून त्याला गारवा मिळतो. ओल्याचिंब पेटीत पाणी उडतच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या रंगीत बेडकांना बावीस ते सव्वीस अंश मानवतात. आपल्याकडे त्यासाठी दिवसरात्र एसी लागेल, आणि भारनियमनाचं काय? शिवाय हे बेडूक वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या सूचीत आहेत. कागद नसलेला विकत घेणं म्हणजे अंगावर लफडं ओढवून घेणं.

‘मग आपला गावठी आणू’ असं पोरं म्हणतात. तेही नको. मोठा हिरवा बेडूक वन्यजीव कायद्याच्या सूचीत आहे. पायांच्या मांसासाठी त्याची इतकी कत्तल झाली की 1987 मध्ये निर्यात बंद करावी लागली. तो उन्हाळाभर स्वतःला मातीत गाडून घेतो आणि मृगाच्या सरीला वर येतो. त्याला बारमाही पावसाळा देणं ही माया नव्हे.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर किमान 501 उभयचर जाती घटल्या आणि त्यांपैकी 90 नामशेष झाल्या असाव्यात, असं 2019चा एक अभ्यास सांगतो. परदेशी प्राण्यांच्या व्यापारातून ती पसरते. म्हणून पेटीतलं पाणी, माती किंवा प्राणी ओढ्यात कधीही सोडू नका. पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून ते उन्हातल्या कोरड्या जमिनीत जिरवा.

बेडकांची हौस असेल तर अंगणात सावलीला उथळ टाकी पुरा, बाहेर पडायला दगडांची उतरण करा, भोवती फवारणी बंद ठेवा. यायचे ते आपल्या पायांनी येतील.

आणि पेटी करायचीच असेल तर श्रावणात सुरुवात करू नका. तेव्हा काहीही जगतं. ऐन मेमध्ये रिकाम्या पेटीत ओली माती भरा, आत तापमापी ठेवा आणि आठवडाभर दुपारी तीनचा आकडा लिहून काढा. तिशीच्या आत राहिला तर जूनमध्ये रोपं आणा. पुढे गेला तर आधी जागा बदला.